हिंडलग्यापासून बाचीपर्यंत: केबल आणि नेटबद्दल तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

बेळगावच्या वेंगुर्ला रोडवर आमचं छोटं दुकान, आणि हिंडलगा, सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची अशी गावं नि मधले मळे एवढ्यात आमची केबल आणि फायबर फिरलेली. रोज फोनवर तेच पंधरा-वीस प्रश्न येतात, कधी मराठीत, कधी कानडीत, कधी वाक्य एकात सुरू होऊन दुसऱ्यात संपतं, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढावं. आमच्या हातात आहे ते आहे म्हणून लिहिलंय, नाही ते सरळ नाही म्हणून.

नेटच्या डब्यावर लाल लाइट लागलाय, काय करू?

आधी बघा की तो लाइट 'एलओएस' लिहिलेल्या जागी आहे का. तसं असेल तर फायबरमधून येणारा उजेड तुमच्या डब्यापर्यंत पोचत नाहीये, मग दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग नाही, आम्हाला फोन करा. लाल नाही, 'पॉन'चा हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर बहुतेक वेळा रिचार्ज संपलेला असतो. रागावू नका, महिन्यात असे फोन भरपूर येतात.

आणि डब्यात जाणारी ती बारकी वायर ओढू नका, दुमडून खिळ्याला अडकवू नका, कपाटामागं चेपू नका. आत काच आहे, केसासारखी. एका घरी आजींनी ती वायर नीट गाठ मारून, वर रबर लावून ठेवली होती, दिसायला छान पण नेट बंद.

फोन केला की आम्ही विचारतो, "शेजारच्यांचं चालू आहे का?" हे टाळायला विचारत नाही ओ. एकट्या घरचं गेलं असेल तर तुमच्या खांबापासून घरापर्यंतच्या वायरीत दोष, आठ-दहा घरांचं गेलं तर खांबावरच्या स्प्लिटरमध्ये (एक फायबर अनेक घरांना वाटणारी डबी), आणि अख्ख्या गावाचं गेलं तर मेन लाइन तुटली. त्या एका उत्तरावर आमचा पोरगा शिडी घेऊन निघायचं की फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन, हे ठरतं.

पावसाळ्यात जातंय ते समजतंय, पण थंडीत नेट का जातंय?

ऊस. कारखाने सुरू झाले की डबल ट्रॉल्या भरून चालतात, त्यांची उंची आमच्या वायरीच्या वर. रस्ता ओलांडणारी केबल उसाच्या मोळीत अडकते, ड्रायव्हरला पत्ताही नसतो, आणि तो ती तशीच पुढं नेतो, कधी कधी दोन-तीन खांबांचं अंतर.

गेल्या सीझनला तुरमुरीच्या अलीकडं रात्री साडेनऊला असंच झालं. बारा कोअरची, म्हणजे आत बारा काचेच्या तारा असलेली केबल, दोन्ही टोकं चिखलात. काम काय असतं सांगतो, म्हणजे "एवढा वेळ काय करताय" याचं उत्तर मिळेल. आधी दोन्ही बाजूंचं वरचं कवच सोलायचं, मग आतले बारा रंग ओळखायचे, निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि शेवटचा आकाशी. निळ्याला निळाच जोडायचा. प्रत्येक कोअरचं कोटिंग काढायचं, स्पिरिटनं पुसायचं, क्लीव्हरनं सरळ कापायचं, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायचं, मशीन ठिणगीनं वितळवून जोडतं, मग वर स्लीव्ह चढवून ती तापवायची. हे बारा वेळा. रात्रीच्या उजेडात राखाडी आणि पांढरा सारखाच दिसतो, आणि अदलाबदल झाली की एका गल्लीचं नेट भलत्याच पोर्टला जातं. त्या दिवशी ज्या ट्रॅक्टरनं तोडली त्याच ट्रॅक्टरच्या हेडलाइटात आम्ही जोडली. ड्रायव्हर जत तिकडचा पोरगा होता, घाबरून पळाला नाही, मोबाइलची बॅटरी धरून शेवटपर्यंत उभा राहिला. त्याच्याकडनं पैसे घेतले नाहीत. काहींना ते पटलं नाही, पण वायर खाली लोंबत होती ही आमची चूक होती, ती आधीच वर घ्यायला पाहिजे होती.

तुमच्या दारात वायर लोंबताना दिसली तर फोटो टाका. दिवाळीच्या आधी टाकलात तर फारच बरं.

मग पावसात?

फांद्या पडतात, जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरतं, आणि लाइट गेली की आमच्या सेंटरची बॅटरी चार-पाच तासच टिकते. वीज कडाडत असताना डब्याचा ऍडॉप्टर प्लगमधून काढून ठेवा. फायबरमधून करंट येत नाही, पण घरच्या वायरिंगमधून येतो, आणि जळतो तो ऍडॉप्टर. खांबावरची विजेची तार तुटलेली दिसली तर आम्हाला नको, आधी १९१२ ला फोन करा आणि तिथं पोरांना जाऊ देऊ नका. आमची वायर तिच्यात गुंतली असेल तरी लाइनमन येऊन लाइट बंद करेपर्यंत आमचं माणूस खांबाला हात लावणार नाही, त्यावरनं भांडू नका.

तक्रार केल्यावर किती वेळात माणूस येतो?

एका घराचं काम असेल आणि दुपारी चारच्या आत सांगितलंत तर त्याच दिवशी. नंतर सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मेन लाइन असेल तर रात्रीसुद्धा. बाहेर फिरणारी पोरं तीन आहेत, त्यातला एक जत्रेला गेला की दोन.

पूर्वी आम्ही एक वाईट सवय लावून घेतली होती, लाइन गेली की फोनच उचलायचा नाही, कारण उत्तर नसायचं. एकदा उन्हाळ्यात चार दिवस बाचीकडची लाइन बंद होती, खोदकामात तुटली होती आणि नेमकी कुठं ते सापडत नव्हतं. चौथ्या दिवशी एक काका दुकानात आले, आवाजसुद्धा चढवला नाही, एवढंच म्हणाले, "नेट नाही ते चालेल रे, तुम्ही आहात का नाही तेच कळंना." तेव्हापासून गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकतो, कुठं तुटलंय, कोण गेलंय, अंदाजे किती वाजतील. सापडलं नसेल तर "अजून सापडलं नाही" असंच टाकतो.

आणि आमच्या बाजूनं पूर्ण दिवस किंवा जास्त बंद राहिलं तर तेवढे दिवस तुमच्या रिचार्जमध्ये वाढवतो, मागावं लागत नाही. नाही वाढले तर मात्र मागा, विसरतो पण आम्ही.

फोनवर मराठीत बोलाल ना?

होय की. काउंटरवरच्या ताई फोन उचलून "हेळ्री" (कानडीत 'सांगा') म्हणतात म्हणून दचकू नका, तुम्ही मराठीत सुरू केलंत की त्या मराठीत बोलतात, त्यांचं माहेर कडोलीचं. दुकानाच्या पाटीवर कन्नड ६० टक्के पाहिजे असा २०२४ चा कायदा आहे, पाटी तशी आहे. पावती दोन्ही भाषांत आहे. कंपनीकडनं येणारे मेसेज मात्र इंग्रजीत येतात आणि ते बदलायला आम्ही दोन वर्षं सांगतोय. म्हाताऱ्या माणसांना आम्ही स्वतः मराठीत एक व्हॉइस मेसेज करतो, "मामा, सोमवारी तुमचं संपतंय." हा प्रकार सगळ्यात जास्त चाललाय.

मराठी चॅनेल पॅकमध्ये का नाहीत? वेगळे पैसे का?

हा आपल्या भागाचा जुना दुखरा प्रश्न. पॅक बनवते मोठी केबल कंपनी, ती राज्य बघून बनवते, आपण कर्नाटकात म्हणून पॅक कन्नड चॅनेलांचा. पण घरात बघतात स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सन मराठी, त्यामुळं ते वरून घ्यावे लागतात आणि दोन्हीचे पैसे भरले जातात.

यावर उपाय आहे, लोक वापरत नाहीत. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (टीव्ही-टेलिकॉमचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नियमानं तुम्ही एकेक चॅनेल निवडून घेऊ शकता, पॅक घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. दुकानात या, जे बघता तेवढ्याच चॅनेलांची नावं कागदावर लिहून आणा, आम्ही बेरीज करून दाखवतो. उचगावच्या एका घरात असं केल्यावर कळलं की सहा लोक मिळून नऊच चॅनेल बघतात आणि पैसे ऐंशीचे भरतात. कधी कधी मात्र पॅकच स्वस्त पडतो, विशेषतः घरात क्रिकेटवाले असतील तर, म्हणून बेरीज करूनच ठरवा. सह्याद्री आणि चंदना दोन्ही दूरदर्शनचे, त्यांचे वेगळे पैसे नाहीत.

पण बिल आधी दीडशे होतं, वाढलं कसं?

२०१९ ला सुरुवातीला नेटवर्कचे, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवायचे, जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यात १०० चॅनेल. पुढं मार्च २०२० पासून तेवढ्याच पैशात २०० चॅनेल झाले. पे चॅनेलचे पैसे तेव्हाही वेगळेच होते. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं १३० ची मर्यादाच काढली, आता कंपनी ठरवेल ते. चॅनेलच्या किमतीतले साधारण ८० टक्के चॅनेलवाल्याला जातात, उरलेल्यात मोठी कंपनी आणि आम्ही. "तुम्हीच वाढवलं असणार" असं म्हणणाऱ्यांसाठी काउंटरवर दर महिन्याचा कंपनीचा रेटचा कागद चिकटवलेला असतो.

टीव्हीवर फक्त बातम्या आणि जुने पिक्चर बघत असाल, तर डीडी फ्री डिशची छत्री लावा, महिन्याचा खर्च शून्य. हे केबलवाल्यानं सांगू नये असं आमचा भाऊ म्हणतो.

१०० चं नेट घेतलंय, डाउनलोड १२ च दाखवतंय. फसवताय का?

नाही ओ. आम्ही विकतो ते एमबीपीएस, म्हणजे बिट. मोबाइल दाखवतो बाइट. आठ बिटांचा एक बाइट, १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. तेवढं येतंय म्हणजे पूर्ण येतंय.

दुसरी गोष्ट भिंती. आपल्याकडची जुनी घरं जांभ्या दगडाची, दीड-दोन फूट जाड. डबा सोप्यात आणि पोरगं माडीवर अभ्यासाला, मग वायफाय पोचणार कसा? डब्याचे दोन वायफाय असतात, नावाला '५जी' लागलेला वेगवान असतो पण भिंत ओलांडत नाही (मोबाइलच्या फाइव्ह जीशी त्याचा संबंध नाही, हा प्रश्न रोज येतो), दुसरा हळू पण लांब जातो. डब्याजवळ बसून स्पीड बघा, तिथं बरोबर असेल तर प्लॅन वाढवून पैसे घालवू नका, डबा मधल्या खोलीत घ्या. वायर वाढवून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, दहा मीटरपर्यंत.

संध्याकाळी आठ ते दहा मात्र खरंच थोडं हळू होतं, आयपीएलच्या दिवसांत जास्तच. वरून घेतलेली बँडविड्थ सगळ्यांत वाटली जाते. गेल्या वर्षी वाढवली, यावर्षी परत वाढवावी लागणार असं दिसतंय.

मी राहतोय सुळग्यात, नेट मला बेंगळुरूत का दाखवतंय?

कारण नेटला तुमचं घर दिसत नाही, आयपी नंबर दिसतो, आणि तो नंबरांचा गठ्ठा कंपनीनं जिथल्या पत्त्यावर नोंदवलाय तिथं तुम्ही आहात असं तो धरतो. म्हणून जाहिराती कन्नडमध्ये आणि हवामान बेंगळुरूचं. इथं बदाबदा पाऊस आणि मोबाइल म्हणतोय आकाश निरभ्र. मोबाइलचं लोकेशन चालू करा, बऱ्यापैकी सुधारतं.

शिनोळीला बहीण दिलीय, बाचीपासून हाकेवर. तिला कनेक्शन द्या की.

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो आणि दरवेळी नाही म्हणताना जीवावर येतं. वायर टाकायची म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम. पण आम्ही ज्या कंपनीचं नेट विकतो तिचं लायसन्स टेलिकॉम सर्कलपुरतं (साधारण एका राज्यापुरतं) आहे, आणि सर्कल कर्नाटकचं. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र सर्कल. खांब वेगळ्या वीज कंपनीचे, परवानगी वेगळ्या ग्रामपंचायतीची. देशभराचं लायसन्स असलेल्या कंपनीला कागदावर जमेल, आम्हाला नाही. शेतातनं गुपचूप एक वायर टाका म्हणून सांगणारेही आहेत. नको. उद्या त्या कनेक्शनवरनं काही भानगड झाली तर पोलीस विचारणार, हा ग्राहक तुमच्या कागदावर कुठं आहे.

तिकडच्या एका ऑपरेटरशी आमची ओळख आहे, त्याचा नंबर दुकानात मिळेल. त्यात आमचं कमिशन नाही.

गणपतीची मिरवणूक, शिवजयंतीचा चित्ररथ, वायर आडवी येतेय, काय करायचं?

चार दिवस आधी मूर्तीची किंवा रथाची उंची सांगा, ट्रॉलीसकट, जमिनीपासून. मंडळं नुसत्या मूर्तीची उंची सांगतात आणि ट्रॉलीचे चार फूट विसरतात. आमची पोरं बांबू घेऊन मिरवणुकीच्या पुढं चालतात, वायर उचलतात, रथ गेला की सोडतात. आपल्याकडं शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला, त्यामुळं वळवाचा पाऊस आणि मिरवणूक एकाच रात्री येऊ शकते, दोनदा आलीय. आमच्या वायरीला बांबू लावा हवं तर, विजेच्या तारेला कुणीही हात लावू नका, ते काम लाइनमनचं.

वर्गणी देताय ना?

देतो. पण मंडळं मोजली तर आमच्या भागात चाळीसच्या वर भरतात, सगळ्यांना पाच-पाच हजार द्यायला बसलो तर दुकान विकावं लागेल. म्हणून नियम केला, प्रत्येक मंडळाला सारखी रक्कम, मोठं-छोटं नाही, मराठी-कानडी नाही, आणि पुढारी कुणाचा तेही नाही. मंडपात दहा दिवस नेट फुकट. कनेक्शन तोडू म्हणून जास्त मागणारे एक-दोन असतात दरवर्षी, त्यांनाही तेवढीच.

शाळांना काही सवलत?

दोन मराठी आणि एक कानडी सरकारी शाळेला नेट फुकट आहे. हे २०२० च्या लॉकडाउनपासून. तेव्हा पोरं मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसायची, ते बघून एका गावात समाज मंदिरात वायफाय लावला. पहिल्या आठवड्यात अभ्यास कमी आणि गेम जास्त झाले, मग तिथल्या बाईंनी स्वतःच पासवर्ड बदलला आणि तो फक्त तासाच्या वेळी सांगायला सुरुवात केली. आम्हाला सुचलं नव्हतं ते. तिसरी मराठी शाळा यादीत आहे, तिथपर्यंत केबल पोचायला सात खांब कमी पडतात.

दहावीच्या निकालाच्या दिवशी दुकानात या, प्रिंट फुकट. पेढे आणलेत तर आम्ही नाही म्हणत नाही.

लोकल चॅनेलवर काय काय लावता?

निधन वार्ता, पाण्याची वेळ, यात्रेचं लाइव्ह, हरवलेली म्हैस. रताळ्याचा मार्केटचा भाव लावायला सुरुवात केली तेव्हापासून सकाळी सहालाही लोक तो चॅनेल बघतात. निधन वार्तेचे पैसे घेत नाही, वाढदिवसाचे घेतो. नवा पिक्चर लावा म्हणून सांगू नका, हक्क नसताना पिक्चर लावणं गुन्हा आहे. पुढाऱ्यांच्या शुभेच्छा लागतात त्या पैसे घेऊन, आणि कोपऱ्यात 'जाहिरात' लिहून.

तुमच्याकडनं फोन आला, ओटीपी मागत होते.

आमच्याकडनं नव्हता. आम्ही ओटीपी मागत नाही, मोबाइलवर ॲप टाकायला सांगत नाही, 'केवायसी संपली, आज रात्री केबल बंद' असा मेसेज पाठवत नाही. शंका आली तर फोन ठेवा आणि दुकानाच्या नंबरवर उलट फोन करा. पैसे गेलेच असतील तर आम्हाला सांगण्यात वेळ घालवू नका, लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडवले जायची शक्यता जास्त.

गडबड झाली की सगळं नेट बंद होतंय, ते तुम्ही करता का?

सरकारी आदेश आला तर कंपनीला बंद करावंच लागतं, त्यात आमचं काही चालत नाही. आदेश आलाय हे कळलं की ग्रुपवर टाकायचं म्हटलं तर ग्रुपही बंद, म्हणून त्या दिवशी दुकानाच्या दारावर कागद लावतो.

तुमच्याच विरुद्ध तक्रार करायचीय.

करा. आधी दुकानात, मग कंपनीच्या नोडल ऑफिसरकडं (तक्रारी बघणारा अधिकारी), त्याचा नंबर पावतीच्या मागं छापलाय. तिथंही नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार नंबर लिहून घ्यायला विसरू नका, तो नसला की पुढं कुणी ऐकत नाही. तक्रार केली म्हणून कुणाचं कनेक्शन हळू केलं असं आम्ही कधी केलेलं नाही. गावात तशी एक अफवा आहे, आमच्या कानावर आलीय.

कनेक्शन बंद करायचंय.

कारण सांगितलंत तर बरं, नाही सांगितलंत तरी चालेल. डबा, ऍडॉप्टर आणि असेल तर रिमोट आणून द्या, डिपॉझिट त्याच दिवशी परत. ऍडॉप्टर हरवला असेल तर तेवढे पैसे कापतो. भिंतीवरची वायर आम्ही येऊन काढतो, तुम्ही कात्री लावू नका, कारण कधी कधी त्याच वायरीवरनं मागच्या घराची लाइन गेलेली असते. आणि पावती घेऊनच जा.